पाचवी खिडकी

जपानमधल्या इवाकीच्या कामगार कचेरीत माझ्या शेजारी दोघे बसले होते. दोघेही अणुवीज केंद्रातले, एकाच ठेकेदाराकडचे. थोरले कुरामोची, धाकटा ओनोदेरा.

"कुरामोचीसान, तुम्हाला काढलं म्हणे."

"काढलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा सकाळी आठपर्यंत झोपलो."

"मुकादमाशी भांडलात?"

"भांडलो कुठे? तो म्हणाला, किरणं मोजायचं मीटर लॉकरमध्ये ठेव आणि आत जा. मीटरवर वर्षाची मर्यादा भरली की घरी बसशील."

"आम्हालाही तेच सांगतो. वर म्हणतो, तुमच्याच भल्यासाठी सांगतोय."

"मी म्हटलं, ठेवतो. पण झडप बसवून होईपर्यंत तुम्हीही माझ्या शेजारी उभे राहा."

"राहिला?"

"लगेच त्याची कंबर दुखायला लागली."

"हळू हसा, लोक बघतायत."

"बघू देत. तू किती वेळा ठेवलंस मीटर?"

"मोजलं नाही."

"मोजायचं यंत्रच लॉकरमध्ये, तू मोजणार कशानं?"

"मुलगी दोन वर्षांची आहे हो माझी."

"म्हणून तर विचारतोय. इथे कशाला आलास?"

"तिसऱ्या खिडकीवर. दुसरं काम मिळतंय का बघायला. तुम्ही?"

"पाचव्या. तक्रार लिहून आणलीय, माझ्या नावानिशी."

"साक्षीदार आहे कुणी?"

"एकही नाही. पण घडलं तेवढंच लिहिलंय, त्यामुळे निवांत आहे."

"ते घेतील?"

"आज नाही घेतली तर उद्या परत येईन. आता मला सकाळी कुठे जायचं असतं? ऊठ, तिसऱ्या खिडकीवर तुझा नंबर पुकारतायत."

"पुकारू देत. पाचव्या खिडकीचं टोकन कुठे मिळतं?"