एक फासा जास्त

तीस वर्षं बसमध्ये कंडक्टरकी करून निवृत्त झालेल्या काकू सुजलेला गाल धरून दाताच्या दवाखान्यात बसल्या होत्या. शेजारी एक नणंद-भावजय संध्याकाळच्या फाशांच्या खेळातल्या आपापल्या पात्रांची माहिती कागदावर भरत खिदळत होत्या.

“वहिनी, माझ्या लढवय्यीचा स्वभाव माझ्याच शब्दांत लिहायचा ना?”

“हो. जिथे कामी येईल तिथे एक फासा जास्त टाकायला मिळतो.”

“मग लिहिलं. ‘कश्शाला घाबरत नाही.’”

“हे तर सगळीकडेच चालेल! स्वभाव कधीतरी अंगाशीही यायला हवा, तरच मान्य. खरं लिही की. याच दारातून दोनदा पळालीस.”

“बरं बाई, खोडलं. ‘घाबरली की दुसऱ्याला पुढे ढकलते.’”

“राक्षस आला तर?”

“तुला ढकलेन.”

“घे एक फासा! आणि अंगाशी कधी येईल?”

“ढकलायला कुणी उरलं नाही की.”

“नंबर सात!” आतून हाक आली. नणंदेचं खिदळणं थांबलं.

“काकू, तुमचा कितवा?”

“आठ.”

“केवढा सुजलाय गाल! तुम्हीच जा ना आधी.”

“फासा!” वहिनी ओरडली.

काकू उठल्या.

“माझाही स्वभाव लिहा. ‘दारात अडलेल्याला आत सरकवते.’”

“अंगाशी कधी येतो?”

“अजून तरी नाही आला.” काकूंनी नणंदेच्या पाठीला हात लावला. “चला, पुढे सरका, दारात थांबू नका!”

वीस मिनिटांनी नंबर आठ पुकारला. काकू उंबऱ्यापाशी पोचल्या आणि तिथेच खिळल्या. तोवर कापसाचा बोळा चावत नणंद बाहेर आली होती.

“काकू, पुधे शलका, दालात थांबू नका!”