दोन हात, आणि दोन्ही घोड्याला!

...नाही नाही, तुम्हीच सांगा, माणसाला हात किती? दोन! आणि त्या वॉकर नावाच्या प्रकाराला धरायला लागतात किती? दोन! मग उरले किती? आम्ही शाळेत फार टिकलो नाही, मास्तरच कंटाळले, पण एवढी वजाबाकी येते आम्हाला. शून्य उरतात, शून्य! आणि आमची ही आतून ओरडते काय, तर "अहो, येताना ती पलंगावरची चादर घेऊन या." कशात घेऊन येऊ? दातात? ...आणली, तुम्हाला सांगतो, दातात धरून आणली! मांजर पिल्लू आणते ना, तशी. तर म्हणते, "शी! आत्ताच धुतली होती हो!"

आता काय बोलायचं?

खुबा मोडला माझा. हा इथला, उजवा. मोडका काढला, नवीन बसवला, धातूचा, चकचकीत, म्हणजे असेल चकचकीत, मी कुठे बघितलाय? कसा मोडला ते विचारू नका. ...विचारलंतच? बरं. स्टुलावर चढलो होतो. कशाला चढलो होतो ते ही आल्यागेल्याला सांगते, "माझा चष्मा कपाटावर लपवायला!" अहो, गल्लीत सांगितलंस, नातेवाइकांत सांगितलंस, ठीक आहे, पण ऑपरेशनच्या आधी त्या भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगायची काही गरज? तो हसायला लागला! सुई माझ्या अंगात आणि हा गदागदा हलतोय!

तर घरी आलो तो ह्या घोड्यासकट. मी घोडाच म्हणतो त्याला. चार पाय आहेत, खिंकाळत नाही, चारा मागत नाही, पण सोडत पण नाही. उचला, पुढे टेका, मग एक पाय, मग दुसरा पाय. ठक्... सर्र... सर्र. ठक्... सर्र... सर्र. आमच्या खालच्या मजल्यावरची बाई म्हणते, "काका निघाले की मला कळतं कुठे चाललेत." संडासात चाललो तरी बातमी! अशी अब्रू राहिली आहे आमची.

आणि अटी किती! वाकायचं नाही. मांडीवर मांडी टाकायची नाही. खाली बसायचं नाही. आणि गंमत बघा, जन्मात माझ्या हातून काही पडलं नव्हतं, पण वाकायचं नाही म्हटल्याबरोबर घरातली एकूण एक वस्तू खाली पडायला लागली! चमचा पडला. मोजा पडला. रिमोट पडला. बरं, मोजा घालायचा तर पायापर्यंत हात पोचत नाही, आणि पाय हातापर्यंत येत नाही, दोघांचं भांडण झाल्यासारखं. मग एक लांब दांड्याचा चिमटा आणून दिला मला. तो मात्र फर्स्टक्लास होता! इथे बसून दाबलं की तिकडचं उचललं जातं. दुपारी ही खुर्चीत पेंगत होती, मी पलंगावरून हळूच चिमटा लांबवला आणि नाकावरचा चष्मा अलगद... स्टूल नाही, काही नाही! काय प्रगती केलीये हो माणसाने! त्या दिवसापासून चिमटा हिच्या उशीखाली असतो.

पण खरी आग लावली ती त्या व्यायामवालीने. घरी येते बाई, पाय वर करा, पाय खाली करा, शिट्टीच तेवढी नाही गळ्यात. मी तिला हवालदारीण म्हणतो. तोंडावर नाही, तोंडावर बाई म्हणतो. तर एकदा माझे पाय वरखाली करून झाले आणि ही बाई म्हणते कशी, "काका, आता वेगळा व्यायाम कशाला? घरातली कामं करा. उभं राहून कप विसळा, कपड्यांच्या घड्या घाला, भाजी निवडा. तोच व्यायाम."

तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकून हिच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ना, ते आमच्या लग्नात आलं नव्हतं!

"बाई," ही म्हणते, "भांडी चालतील का?"

"चालतील की."

"आणि पंखे पुसायचे?"

"पंखे नको. स्टूल लागतं."

"हो, स्टूल नको," ही म्हणते, आणि माझ्याकडे बघते. दोघी हसल्या. हसा, हसा!

झालं. आयुष्यभर साखरेचा डबा कुठे असतो ते मला माहीत नव्हतं, तो मी कपाला कप लावून कप विसळायला लागलो. ओट्याला पोट टेकवून, एक हात घोड्यावर, एका हाताने साबण. कप निसटतोय, साबण निसटतोय, घोडा निसटतोय, आणि ही मागून, "कान धुतला नाहीत कपाचा." कपाचा कान! माझे कान कोण धुतं इथे? घड्यांचं तर विचारू नका. मी उशीच्या अभ्र्याची अशी घडी घातली की तिने ती उलगडून विचारलं, "ह्यात काही गुंडाळलंय का?" आणि वर पुन्हा, "अहो, येताना ते पाण्याचं भांडं..." अगं बाई, दोन हात, आणि दोन्ही घोड्याला!

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या, पडून राहा की सुखाने, दुखतंय म्हण, कण्ह. कण्हलो असतो! मला कण्हता चांगलं येतं. पण खाली तो बाक आहे ना...

आमच्या इमारतीच्या फाटकापाशी बाक आहे. संध्याकाळी आम्ही म्हातारे तिथे बसतो. त्याच्या डाव्या टोकाची जागा माझी, कारण तिथून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस समोरून सापडतो आणि त्याला काहीतरी बोलता येतं. नुसती बसायची जागा नाही, ती माझी दुकानाची गादी आहे! आणि मी वर पडलो तर त्या जागेवर बसला कोण? शिंपी! आमचा दोस्त, मापं घेऊन घेऊन मान वाकडी झालेला. बसला तर बसला. पण तो, अहो, तो माझे विनोद सांगायला लागला! माझे! मी वर सज्जात, दोन्ही हात घोड्याला, आणि खालून मला माझीच गोष्ट ऐकू येतेय, आणि हा गाढव शेवट आधी सांगतो! आधी शेवट, मग सुरुवात, मग स्वतःच हसतो, आणि मंडळी गप्प. मी वरून ओरडलो, "अरे, चोर पिंपात होता हे शेवटी सांगायचं!" तर वर बघून म्हणतो, "तू खाली ये आणि सांग!"

काळजात घुसलं हो ते. आता हसताय, पण विचार करा. माणूस गेल्यावर त्याच्या गोष्टींची वाट लागली तर ठीक आहे, तो ऐकायला नसतो. पण मी ऐकतोय! जिवंतपणी, डोळ्यांदेखत, माझे चांगले चांगले विनोद एक एक करून मारले जातायत, आणि मी हलू शकत नाही. रात्री झोप लागेना. चोर आधी पिंपातून बाहेर येतोय आणि मग चोरी करतोय, असलं काहीतरी दिसायचं.

तर मी हवालदारणीला म्हटलं, "बाई, मला जिना उतरायचाय."

"घोड्यावर... म्हणजे वॉकरवर जिना नाही," ती म्हणाली. (बघा, तिच्या पण तोंडात बसला!) "काठी देईन, मग जिना. पण आधी मला खात्री पटली पाहिजे. पुढच्या खेपेला मला स्वतः चहा करून पाजा. काकूंची मदत नाही, एक थेंब सांडायचा नाही. घोड्याला काही टांगायचं नाही, गळ्यात काही अडकवायचं नाही, तोल जातो. जमलं तर काठी."

आता आली का पंचाईत? चहा करीन हो, साखरेचा डबा सापडलाय आता. पण ती बसते बाहेरच्या खोलीत, चहा आत, मध्ये उंबरा, आणि दोन हात, दोन्ही घोड्याला! कप नेऊ कशात? मी आधी सराव केला. टांगू नको म्हणाली, म्हणून आधी टांगूनच बघितलं. ठक् केलं की चहा उडी मारतो, सर्र केलं की दुसरी उडी, बाहेर पोचेस्तोवर कपात बशीपुरताही नाही आणि माझ्या पायजम्यावर नकाशा! मग ताट स्टुलावर ठेवून घोड्याने स्टूल ढकललं. छान चाललं होतं, आगगाडीसारखं, उंबऱ्यापर्यंत. तिथे स्टूल थांबलं, चहा नाही थांबला.

ही दारात उभी. "पुसणार कोण?"

"मी वाकू शकत नाही."

"मी विचारलं, पुसणार कोण?"

...पायाखाली फडकं घालून पुसलं मी. सर्र, सर्र. त्याचाही व्यायाम झाला म्हणे!

आणि उजाडला तो दिवस. हवालदारीण आली, बाहेरच्या खुर्चीत बसली. ही तिच्याशेजारी बसली, तोंडावर हात, तमाशा बघायला आल्यासारखी. मी आत. चहा केला. आलं किसताना बोट वाचवलं. ओतला, दोन कप, काठोकाठ नाही, माणसाने भरावेत तसे. उंच स्टुलावर टेकलो, घोडा समोर. आणि बघतो तर उंबरा माझ्याकडे बघतोय. खालून आवाज आला, शिंपी मंडळींना म्हणतोय, "तर त्या पिंपातून चोर निघाला, आता तो पिंपात कसा गेला ते ऐका..."

सुचलं हो मला! कसं सुचलं ते विचारू नका. मी असा श्वास घेतला आणि जीव खाऊन ओरडलो...

"बाई! पडलो!"

तुम्हाला सांगतो, ती खुर्ची तिथल्या तिथे उलटली. उंबरा तिने ओलांडलाच नाही, उडून आली! मागून ही, "अगं बाई, अहो...!" आणि आत बघतात तर मी स्टुलावर ताठ बसलोय, हातात कप. म्हटलं, "चहा घ्या बाई. गार होतोय."

हवालदारणीचा चेहरा पांढराफटक. हिने भिंतीचा आधार घेतला, आणि हिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं हो. मग मात्र माझं तोंड उतरलं. मनात म्हटलं, गेली काठी, गेला जिना, गेला बाक, आता जन्मभर हा घोडा आणि खाली तो पिंपातला चोर.

तिने माझ्या हातातून कप घेतला. बघितला. ओटा बघितला, फरशी बघितली. एक घोट घेतला.

"आलं जास्त झालंय," म्हणाली. मग बसली दुसऱ्या स्टुलावर. "काका, मी घरोघरी घसा कोरडा करते, की अशा दिवसांत वस्तू माणसाकडे नेत बसू नका, माणसाला वस्तूकडे बोलवा, स्वयंपाकघरातच बसा, तिथेच प्या. कुणाला पटत नाही. सगळे कप घेऊन धडपडतात. तुम्ही पहिले." आणि मग कप खाली ठेवून, बोट रोखून, "पण परत 'पडलो' म्हणालात ना, तर डावा खुबा मी स्वतः मोडीन!"

"मी धरते त्यांना," ही म्हणाली, डोळे पुसत.

पण काठी मिळाली! उजवा पाय दुखरा म्हणून काठी डाव्या हातात, अशी रीत असते. घोडा गेला कोपऱ्यात. मी काठी घेऊन खोलीभर फिरलो, लग्नातल्या व्याह्यासारखा. आणि ही बघतेय. निरखून बघतेय. काठीकडे नाही. माझ्या उजव्या हाताकडे.

"अहो," म्हणाली, "हा हात मोकळा झाला की हो!"

अरे देवा! मी, मी स्वतः, घाम गाळून, चहा सांडून, फरशी पुसून, हा हात मोकळा करून दिला तिला! तेव्हापासून तो एक क्षण रिकामा नाही. येताना चादर आणा, आणतो. जाताना भांडं न्या, नेतो. बोलायची सोय नाही.

आणि जिना? उतरलो! कठड्याला धरायला हात लागतो, म्हणून पिशवी खांद्याला, पिशवीत बाजाराची यादी. बाकापाशी पोचलो. मंडळी उठून उभी राहिली, शिंप्याने जागा पुसून दिली, चांगला आहे हो तो. मी बसलो माझ्या टोकाला. म्हटलं, "ऐका रे, ती चोराची गोष्ट, नीट..." सगळे पुढे सरकले. मी घसा साफ केला. आणि वरून, सज्जातून, "अहो! बसलात काय? बटाटे संपतील!"

उठलो. काय करतो? परत आलो तेव्हा बाक रिकामा.

आता ती हवालदारीण परवा म्हणत होती, "काका, फारच छान चाललंय, पुढच्या महिन्यात काठीसुद्धा काढून टाकू!" ही टाळ्या वाजवायला लागली. दुसरा हात, कळतंय का तुम्हाला, दुसरा हात! मी पटकन म्हटलं, "बाई, दुखतंय हो अजून." तर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. खरं सांगितलं तरी कोण ऐकतंय?

...आणि खरंच दुखतंय हो. पण जाऊ दे. उठतो. दोन किलो बटाटे सांगितलेत, आणि मऊ आणले तर परत पाठवते.