मोठ्या सिस्टरनंतर गोळ्यांकडे कोण बघणार?

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टरसाहेब, आपले नवे व्यवस्थापक, आज ज्यांना निरोप द्यायला जमलोय त्या मोठ्या सिस्टर, आणि समोर बसलेले सगळे आजी-आजोबा नि त्यांची घरची माणसं, नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. गावोगाव हिंडलो, बेकरीत राबलो, बोटींना रंग मारला. तो रंग नखातून महिना महिना जात नाही हो! असो. मामांना भेटायला या वृद्धाश्रमात आलो आणि मदतनीस म्हणून इथंच राहिलो.

मामांना विस्मरणाचा आजार. तेव्हा ते खुर्चीत लाकडासारखे ताठ, तोंडातून लाळ. मी म्हटलं, आजार वाढला. सिस्टर म्हणाल्या, "आजार नव्हे रे, ही गोळी आहे. आधीच्या दवाखान्यात ओरडत होते म्हणून सुरू केली, थांबवायचं कुणाच्या ध्यानातच नाही. पण ओरडत का होते?"

सिस्टरांची रीतच ती. शांत करायची गोळी कुणी मागितली, की आधी त्या माणसाजवळ जाऊन बसायचं. कुठं दुखतंय का, पोट साफ आहे का, कानातलं यंत्र चालतंय का. मामांची कवळी हिरडीत रुतत होती, एवढंच! ती नीट करून घेतली. डॉक्टरसाहेबांनी गोळी हळूहळू उतरवली. आणि एका सकाळी मी त्यांची दाढी करत असताना मामा म्हणाले, "गाढवा, दाढी करतोस की बटाटे सोलतोस?" इतक्या दिवसांनी शिवी ऐकली, मी मोरीत जाऊन रडलो.

आज गौरवाचं बोलायचं असतं, कळतंय मला. पण सिस्टर निघाल्या आणि त्यांचं हे काम कुणाच्याच हाती दिलेलं नाही. परवा त्या सामान बांधायला घरी गेल्या होत्या, तेव्हा मामा पुन्हा ओरडले. व्यवस्थापक म्हणाले, "समारंभात तमाशा नको." डॉक्टरसाहेबांना फोनवर विचारून गोळी पुन्हा सुरू झाली. मी म्हटलं, आधी तोंडात तरी बघा! "तू डॉक्टर आहेस का?" नाही, साहेब. भाचा आहे.

सिस्टर, तुम्हाला हे आत्ता कळतंय. डॉक्टरसाहेब, हात जोडतो, पुष्पगुच्छ थोडा थांबू दे. दुसऱ्या रांगेत मान टाकून बसलेत ते मामा. त्यांचं तोंड उघडून बघा. आणि उद्यापासून हे कोण बघणार, ते इथं, सगळ्यांसमोर सांगा.

बोलू दिलंत, आभारी आहे. कमी-जास्त बोललो असेन तर पोटात घाला. आता टाळ्या वाजवा. जोरात वाजवा. मामांना गोंगाटाचा भयंकर राग येतो. त्यांनी डोळे उघडले तर मला सांगा हं कुणीतरी, मला इथून नीट दिसत नाहीये.