भिकाकाकांच्या दोन मुद्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कामगार संघटनेचे माजी सरचिटणीस आदरणीय दिनानाथ संखेसाहेब, व्यासपीठावर मानाने बसलेल्या रखमाबाई तामोरे आणि त्यांची सून पूर्वी, आजचे सत्कारमूर्ती भिका वरठा, म्हणजे आपले भिकाकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या जमनाकाकू, प्लांट, टूलरूम, पॅकिंग आणि स्टोअरमधले माझे सहकारी, आणि खुर्च्या संपल्यामुळे भिंतीला टेकून उभे राहिलेले सगळेजण, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मी भाग्यश्री धर्मेश चुरी. केळव्याची. पॅकिंगला आहे. काकांना कंपनीने कालच निरोप दिला. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि एक आटोपशीर भाषण. त्यात 'प्रदीर्घ आणि निष्ठापूर्वक सेवा' असे शब्द आले. अंगठ्यांचं नाव कोणी काढलं नाही. ते निघावं म्हणून आपण आज सालवडच्या या हॉलमध्ये वेगळे जमलो आहोत. बोलायला मलाच का उभं केलं, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. नव्यांसाठी पहिल्यापासून सांगते.

काका आपल्या टूलरूमचे टर्नर. पण पालघरपासून तारापूरपर्यंत त्यांची ओळख होती ती नाण्याच्या अंगठ्यांमुळे. ते अंगठी म्हणत नाहीत, मुदी म्हणतात. त्यांच्या आईच्या गळ्यात रुपयांची माळ होती, तशी वारल्यांच्या घरोघरी असायची. त्यातला एक रुपया निसटला, तेव्हा काकांनी त्याची पहिली मुदी केली आणि आईच्याच बोटात घातली. मग लोक येऊ लागले. चालू नाणं मात्र काका हातात धरत नसत. "त्याला हात लावनं गुन्हा हाय," असं सांगून माघारी पाठवत. जुना चांदीचा रुपया आणा, आणि तोही घरचा आणा, विकत घेतलेला नको, अशी त्यांची अट.

माझ्या लग्नात माझ्या वडिलांनी जावयाच्या ताटात एक राणीछाप रुपया ठेवला होता. धर्मेश म्हणाला, याची मुदी करून घेऊ. एका रविवारी आम्ही दोघं उमरोळीला काकांच्या अंगणात गेलो. सोबत धर्मेशचा मित्र अनुज होता. हा रखमाबाईंचा मुलगा, पूर्वीचा नवरा. तो राजाछाप रुपया घेऊन आला होता, त्याच्या आजीच्या माळेतला. माळेत ओवण्यासाठी त्या रुपयाला कधीकाळी सोनाराने डाग देऊन कडी जोडली होती. कडी गेली होती, पण काठावर डागाचा उंचवटा राहिला होता.

नाण्याची अंगठी होताना तुमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? मी पाहिली आहे, म्हणून सांगते. आधी रुपया पाइपच्या तुकड्यात घट्ट बसवून त्याचा बरोबर मध्य काढायचा. मध्य केसभर जरी चुकला तरी मुदी एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला अरुंद होते. तिथे पंचाने खूण करायची, भोक पाडायचं, मग ते वाढवत न्यायचं आणि कानशीने आतली धार मारायची. उरलेली चकती गॅसच्या जाळावर धरायची. चांदी मंद लाल झाली की लगेच पाण्यात. पोलाद असं विझवलं तर कडक होतं, चांदी मऊ होते. मग ती चकती निमुळत्या पोलादी दांड्यावर चढवायची आणि नायलॉनच्या हातोडीने फिरवत फिरवत काठ खाली वळवायचा. चार ठोके पडले की चांदी पुन्हा ताठरते. पुन्हा जाळ, पुन्हा पाणी, पुन्हा हातोडी. मी विचारलं, "काका, एकदाच जोर लावून का नाही वळवत?" ते म्हणाले, "घाई केली का काठाला चीर जाते, पोरी. मग ती कशानं भरत नाय."

मधलं भोक पाडताना राणीचा मुखडा गेला. काठावरचं तिचं नाव राहिलं. धर्मेशच्या अंगठीवर बाहेरून व्हिक्टोरिया अशी इंग्रजी अक्षरं गोल फिरली होती. अनुजच्या अंगठीवर राजाचं नाव आणि काठाला तो डाग. काका डाग घासून काढणार होते. अनुज म्हणाला, "नको काका, आयला तेच्यावरूनच वळख पटेल." जमनाकाकूंनी आम्हाला चहा दिला. दोघं मित्र आपापली बोटं उन्हात धरून बघत बसले होते.

ते चित्र इथेच ठेवते, कारण पुढचं सांगायला मला धीर लागणार आहे.

चार वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, आपल्या प्लांटमध्ये रिअ‍ॅक्टर फुटला. त्या पाळीला धर्मेश होता, अनुज होता. केळव्यापर्यंत आवाज पोचला नाही, फोन पोचला. आम्ही गेटवर आलो तेव्हा आग विझत होती. जखमींना जी गाडी मिळेल तीत घालून पाठवलं होतं. कोण कुठल्या रुग्णालयात गेलं, हे नीट कोणालाच सांगता येईना. बहुतेकांचा पत्ता संध्याकाळपर्यंत लागला. दोघांचा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला शवागारापाशी बोलावलं. एक देह होता. चेहरा नव्हता. बांधा दोघांचा सारखाच. हातात अंगठी होती, ती धुऊन एका स्टीलच्या ताटलीत ठेवली होती. रखमाबाई पुढे झाल्या. त्यांनी अंगठी उचलली, काठावरून अंगठा फिरवला, आणि डाग लागताच त्या तिथेच खाली बसल्या. "माजे सासूचा रुपया हाय," एवढंच म्हणाल्या.

मी त्यांना धरलं. पूर्वीला धरलं. आणि मंडळी, आज या व्यासपीठावरून सांगते, त्या दोघींना धरून उभी असताना माझ्या आत काहीतरी उजळलं होतं. हा अनुज आहे, म्हणजे हा धर्मेश नाही. धर्मेश कुठेतरी आहे. कुठल्यातरी खाटेवर आहे. माणूस असाच असतो का हो? असतो. माझ्या जागी कोणीही असतं तरी असंच झालं असतं.

पोलिसांनी पंचनामा उरकत आणला. किनाऱ्यावरून तामोऱ्यांचे भाऊबंद आले. देह नेण्यासाठी गाडी मागवली. तेवढ्यात भिकाकाका आले. आग विझवताना त्यांचेही हात भाजले होते, दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. त्यांनी ताटलीतली अंगठी पाहिली आणि विचारलं, "ही कोनाच्या हातात होती?" शिपायाने आत बोट दाखवलं. काका आत गेले. बाहेर आले ते सरळ रखमाबाईंकडे.

रखमाबाईंसमोर बसून ते म्हणाले, "आय, मुदी अनुजची हाय. पन हात अनुजचा नाय."

कोणाला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. स्फोटाच्या दिवशी सकाळी अनुजचं बोट उष्म्याने सुजलं होतं, अंगठी रुतली होती. दोघं टूलरूममध्ये आले. काकांनी साबण लावून, दोरा गुंडाळून ती काढली. अनुज म्हणाला, थोडी ताणून मोठी करा. काका म्हणाले, डागाजवळ कच्ची आहे, ताणली तर तडकेल, निवांत करू. धर्मेशची अंगठी त्याला ढिली व्हायची. चेष्टा म्हणून दोघांनी एकमेकांची घालून पाहिली. अगदी बरोबर बसली. "आजच्या दिवस राहू दे," असं म्हणत हसत गेले.

काका बोलत होते रखमाबाईंशी, पण मधूनच त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की हे माझ्याशी बोलणं चाललं आहे.

मी म्हटलं, "काका, तुम्हाला आठवत नसेल नीट."

"आठवतंय, पोरी."

"दुपारी परत बदलल्या असतील."

"आसतील. मना ठावं नाय."

"मग कशाला बोलता? नका ना बोलू!"

मी ओरडत होते. कंपनीचे एक अधिकारी तिथे होते. त्यांनी काकांना बाजूला घेतलं, पण माझ्या कानावर आलं. "भिका, ओळख पटली आहे. घरच्यांनी मान्य केलंय. आता घोळ घालू नकोस. तुला पुढे नोकरी करायची आहे ना?" काका तिथून निघाले. सरळ पोलीस अधिकाऱ्यांसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, दुसरी मुदी शोधा. तिच्यावर राणीचं नाव हाय. ती जेच्या हातात आसेल तो अनुज."

आपले अध्यक्ष तेव्हा तिथे होते. संखेसाहेबांनी फोन काढला आणि एकेक रुग्णालय लावायला सुरुवात केली. पालघर झालं, वापी झालं, ठाणे झालं. मुंबईत भाजलेल्यांच्या एका वॉर्डात उत्तर मिळालं. आदल्या संध्याकाळी एक माणूस आला होता, नाव नाही, तोंडभर पट्ट्या, शुद्ध नाही. हात सुजला म्हणून अंगठी कापून काढावी लागली होती. परिचारिका पाकीट उघडून वाचत होती आणि साहेब तिचं एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत होते. चौथ्या-पाचव्या अक्षराला मी कानांवर हात ठेवले. साहेब, तुम्ही उच्चारलेली ती अक्षरं मला अजून ऐकू येतात.

रखमाबाई उठल्या. पूर्वी अनवाणीच गाडीकडे पळाली. किनाऱ्यावरच्या लोकांनी मागवलेली गाडी होतीच, तीच मुंबईला गेली. मी तिथे राहिले. ताटलीतली अंगठी आता कोणाची म्हणायची, हेही मला कळत नव्हतं. तपासणीचा अहवाल नंतर आला, पण मला त्याची गरज राहिली नव्हती. आत जाऊन मी त्याचा पाय पाहिला. बुटामुळे तेवढा बचावला होता. तो मी ओळखला.

अनुज वाचला नाही. पूर्वी, हे सांगताना तू मान वर ठेवली आहेस, म्हणून मीही ठेवते. पण तो बेवारस गेला नाही. तो शुद्धीवर आला, तेव्हा बायको उशाशी होती, आई पायाशी होती. पूर्वीने मला सांगितलेले त्याचे शब्द तिच्या परवानगीने सांगते. तो म्हणाला, "ती मुदी माजी नाय. धर्मेशची हाय. तेला दे." पूर्वी म्हणाली, "देते." तो काही दिवस होता. आईने त्याला चमच्याने पाणी पाजलं. काका त्या सकाळी गप्प राहिले असते, तर एका आईने परक्या मुलाला अग्नी दिला असता आणि तिचा स्वतःचा मुलगा मुंबईत नावावाचून पडून राहिला असता.

यानंतर काय झालं? काकांची बदली झाली. हातात कसब असलेल्या टर्नरला स्टोअरच्या खिडकीत हातमोजे वाटायला बसवलं. कंपनीच्या भाषेत त्याला 'हलकं काम' म्हणतात. भाजलेल्या हातांमुळे दिलं असं सांगण्यात आलं. त्या हातांनी ते लेथ चालवू शकत होते, हे टूलरूममधल्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि धर्मेशच्या जागी मला पॅकिंगला घेतलं. म्हणजे रोज सकाळी हातमोजे घ्यायला मला त्यांच्याच खिडकीशी जावं लागायचं. ते मोजे पुढे सरकवायचे, मी उचलायचे. बोलणं नाही. त्यांनी कधी समजूत घातली नाही, मी कधी विचारलं नाही. माझी आशा काढून घेणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?

गेल्या वर्षी एकदा खिडकीशी दुसरं कोणी नव्हतं. मी विचारलं, "काका, त्या दिवशी दोन तास थांबला असतात तर? तेवढे दोन तास तरी तो माझ्यापुरता जिवंत राहिला असता."

त्यांनी मोज्यांची जोडी जुळवली. मग म्हणाले, "पोरी, मना पन तेच वाटलं होतं. तुजं तोंड बघून पाय उचलत नव्हता. पन एक पोरगा मेला होता, दुसरा कंदाचित जिता होता. मेलेल्याला थांबता येतं. जित्याला नाय." जोडी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तू आता रडलीस तरी चालेल. हिथं कोन नाय."

मी रडले. तीन वर्षांत तिथे, स्टोअरच्या खिडकीशी, पहिल्यांदा.

काकांनी त्या मे महिन्यानंतर एकही मुदी केली नाही. लोक अजून रुपये घेऊन उमरोळीला जातात आणि परत येतात. जमनाकाकू सांगतात, दांडा आणि हातोडी तेल लावून ठेवली आहे, पण हात लावत नाहीत. काका, करा किंवा करू नका. तुम्ही पुन्हा हातोडी उचलावी असा आग्रह धरायला मी उभी नाही. आज तुमचं कौतुक करून तुमच्यावर कसलं ओझं टाकायचं नाही. तुम्ही आता घरी बसा, अंगणात बसा. कोणाच्या खिडकीत बसू नका.

संघटनेने बोलण्याची संधी दिली, रखमाबाई आणि पूर्वी एवढ्या लांबून आल्या, आपण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मला सभेत बोलायची सवय नाही. मानाने कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुठे आवाज चढला असेल, समारंभाला न शोभणारं काही तोंडून गेलं असेल, तर घरची म्हणून पोटात घाला. जे घडलं ते सांगितलं, त्याची मात्र मी माफी मागत नाही. ती काकांनीही मागितली नव्हती.

नमस्कार.