उशी झाडाकडे, पाय समुद्राकडे

जमैकाच्या किनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात टॅल्बर्टचा माळी म्हणून आज पहिलाच दिवस. कामगारांच्या बसमध्ये पुढच्या बाकावर खोल्या आवरणाऱ्या दोघी बसल्या होत्या, म्हातारी मिस इसिल्डा आणि तरणी शर्नेट.

"मावशी, कोपऱ्यातल्या खोलीतला पलंग रोज का फिरवता? साहेब भडकलाय."

"तिथं आमचं घर होतं, पोरी. पहिले गोरे पाहुणे आले तेव्हा हॉटेल कुठलं? आईनं आपला पलंग त्यांना दिला नि स्वतः चुलीपाशी निजली. ती गेली, मग रस्ता झाला, विमानं येऊ लागली आणि घरं पाडून हे उभं राहिलं."

"मेलेल्याला निरोप द्यायची नववी रात्र केली होती ना आईची?"

"केली तर! तिचा पलंगसुद्धा फिरवून ठेवला, रीतीप्रमाणे."

"म्हणजे परत आली तरी खोली ओळखायला नको."

"हो ना. आणि या शहाण्यांनी पलंग मांडला तो नेमका तिचा होता तसाच! उशी बदामाच्या झाडाकडे, पाय समुद्राकडे."

टॅल्बर्टनं कान टवकारले.

"अगंबाई! मग?"

"मी फिरवायची, साहेब परत सरळ करायचा. परवा त्यानं तो जमिनीत ठोकूनच टाकला. पाहुण्यांना पडल्यापडल्या समुद्र दिसायला हवा ना!"

"काही झालं नाही ना?"

"काल तिथली पाहुणी विचारत होती, अंगाला धुराचा वास येणारी ही म्हातारी कोण? रात्री उशाशी उभी राहते नि म्हणते, 'झालं का निजून? सरक आता.'"

"देवा! तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हटलं, पलंग तिचाच आहे, बाई. सरकून घ्या."