परातीच्या आतलं नाव

व्हय गं बाई, नाव मीच घातलंय, न्हाई कुठं म्हणतोय? वाच की — ‘अर्जुन केटरर्स, कुपवाड’ — मशीनचं काम, सरळ रेघेत, कुठं अक्षर हललंय का बघ. अर्जुना माझा जावई, ह्ये काय लपून हाय व्हय? जावयानं परात आणली, सासऱ्यानं नाव घातलं, मिटलं. त्येवढ्यासाठी कुपवाडासनं आणल्याली परात काखंत मारून अशा उन्हाचं गावाकडनं एस्टी धरून कोरेगावच्या बाजारात यायचं, नि भांडीवाल्याच्या पायरीवर माझ्या म्होरं वही उघडून बसायचं — मिटव ती वही आदी. वहीम्होरं बोलाय जमत न्हाई मला. नि नीट टेक जरा, माया, लोक बघाय लागल्यात, तात्याबाची कायतरी भानगड हाय म्हणत्याल.

तुझं ऐकून हाय मी. भाऊसोची पोरगी सीआयडी हाय म्हणत्यात गावात. हायस्कुलातली घंटा गेलती, तवा तूच न्हवं का हुडकून काढलीस — गुरुजी पोरांस्नी छड्या मारत बसलं, नि घंटा निघाली हेडमास्तरांच्याच घरात, लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून. लय हसलो मी तवा. पर घंटा येगळी नि ह्ये येगळं. ह्यात माणसांचं संसार गुतल्यालं असत्यात, अकरावीतल्या पोरीनं हात घालायचं काम न्हाई ह्ये.

तुमच्या विहारातल्या नऊ पराती गेल्या, भांड्यांच्या खोलीची किल्ली तुझ्या बाकडं, नि आता तुमचीच माणसं म्हणत्यात भाऊसोनं विकल्या — आलंय माझ्या कानावर. उद्या सकाळी बैठक हाय, किल्ली काढून घेणार हायत, त्ये बी ऐकलं. वाईट वाटलं. भाऊसो नि मी चौथीपतुर एका वर्गातलं. पर मी काय करणार सांग? जर्मनच्या, म्हंजे ॲल्युमिनच्याच, पराती ढिगानं येत्यात हितं, सगळ्या एका साच्यातनं काढल्यावानी. ही तुमचीच कशावरनं?

काय? आतनं हात फिरवू? बरं, फिरवला. गुळगुळीत हाय. कुठं म्हणतीस, काठाखाली? हितं?

हां. लागतंय कायतरी. टेम्पोत आपटली असंल. न्हाई म्हणतीस. बारीक टिंबं हायत म्हणतीस, ओळीनं.

मला नगो शिकवू, मला कळतंय काय हाय त्ये. आता मशीन आलं, घर्र करतं नि लिवून मोकळं. पर अकरा वर्षांमागं, पंच्याऐंशी साली, छिन्नी नि हातोडीच हुती — टिंबाला टिंब लावून अक्षर काढायचं. नि जर्मन मऊ असतंय. भायेरनं ठोकलं की आतनं फुगवटा येतोय. भायेरचं नाव कानशीनं काढता येतंय, वरनं पॉलिश पेपर मारला की कोरं करकरीत — आतला फुगवटा तसाच ऱ्हातोय. पर तुला कुठनं गं सुचलं? — कुपवाडला, मावशीच्या घरी साखरपुडा, नि जेवणं अर्जुनाच्या केटरिंगची, आन् तू बायकांच्यात खरकटी भांडी घासाय बसलीस. हाताला लागलं. मग बोट फिरवून फिरवून उलटं वाचलंस. कालकथित चंद्राबाई. तुझी आज्जी.

व्हय, त्ये खरं हाय तुझं. आमच्यात कैलासवासी लिवत्यात, तुमच्यात कालकथित. कुपवाडच्या आचाऱ्याच्या परातीत कालकथित कशाला असंल. हुशार हाईस.

माझं काम कसं हाय बघ — तीस वर्षं झाली, भांडं मी भायेरनंच बघतोय. गिऱ्हाईक येतं, नाव सांगतं, मी भायेरनं घालतो, त्ये घेऊन जातं. आतली बाजू बाईमाणसाच्या हातातली. जन्मात कवा परात घासली न्हाई मी — म्हंजे राखेनं न्हाई घासली, कानशीनं घासल्या त्या नऊच्या नऊ, पर आतनं एकदा हात फिरवून बघावा, ह्ये काय डोक्यात —

काय लिवतीस? मिटव म्हणलं न्हवं मी?

बरं. मी घासल्या. झालं समाधान? पर अर्जुनाचा त्यात काडीचा हात न्हाई, त्याला मधी वढू नगस. त्याला आजबी काय ठाऊक न्हाई. ऐक आता, अर्धवट ऐकून गेलीस तर काय भलतंच डोक्यात घिऊन बसशील. गेल्या उन्हाळ्यात, तुमची जयंती होऊन गेल्यावर, आमच्या पिंकीचं लग्न धरलं. तीथ अशी निघाली की त्याच दिवशी गावात पाटलांच्यातलं लग्न, गावकीची भांडी समदी तिकडं. माझ्या मांडवात भात काढाय परात न्हाई. मग कुठं जायाचं? गेलो भाऊसोकडं. मागच्या दारानं गेलो, खोटं कशाला बोलू. त्यानं कागुद मागितला न्हाई, सही मागितली न्हाई, खोली उघडली. म्हणला, आमाला गावकीची भांडी देत न्हवतं म्हणून आमी ही केली, आता आमीच कुणाला न्हाई म्हणलं तर केल्याचा उपेग काय. नऊ पराती काढून दिल्या. मी म्हणलं, भाऊसो, एवढं कर, कुणाला सांगू नगस, पोरीचं सासर सांगलीकडचं, पंगतीचं लय बघणारं, कळलं तर पानावरनं उठत्याल. त्यानं खोलीला कुलूप घातलं. मग म्हणला, न्हाई सांगणार.

नि घरी आणून बघतोय तर एकेका परातीवर ठळक — कालकथित अमकं, कालकथित तमकं — आणि हात माझाच. मीच घातल्याली नावं. पंच्याऐंशी साली दोन दिस तुमच्या विहाराच्या पायरीवर बसून घातल्याली. तुझ्या आज्जीचं नाव घालताना तुझा बा शेजारी बसून एकेक अक्षर बघत हुता, त्याला घाई न्हवती, नि मलाबी करू दिली न्हाई. त्येच नाव मी परसात बसून कानशीनं काढलं. लाज वाटली का, असं बघू नगस. तवा न्हाई वाटली. तवा पाव्हणं यायचं हुतं, हळद वाटायची हुती, शंभर कामं हुती. लाज मागनं वाटली, नि मग ती जाईना.

नि मग काय झालं बघ. बिननावाची परात लग्नघरात दिसली म्हंजे ती पोरीला दिल्याली, दुसरं काय समजणार कोण? पाव्हण्यांनी रुखवताची भांडी टेम्पोत भरली, त्यात ह्या कोऱ्या नऊ बी भरल्या. मी तितंच हुबा. उतरवा म्हणावं, तर मग कुणाच्या हायत त्ये सांगाय लागतंय. पिंकी रडतीया, बँडवालं वाजवत्यात, नि मी बघतोय पराती चाललेल्या. म्हैन्यानं अर्जुना एक घिऊन आला, म्हणला, मामा, ह्यांच्यावर नाव घालाय इसरलासा तुमी. घातलं. नऊ बी आणल्यान्, नऊ बी घातली.

भाऊसोला म्हणलं, आणून देतो, जरा थांब. त्यो थांबला. मी आज करतो, उद्या करतो. यंदाच्या जयंतीला तुमी भांडी काढली, नऊ कमी भरल्या, नि सगळ्यांनी त्याला धरलं, तरी त्यो म्हणला म्हणं, माझ्याकडनं गेल्या — एवढंच. रोज वाटायचं, आज नाव घील माझं, उद्या घील. घरात तुमाला तरी सांगितलं असणार की. म्हणून तर तू नीट माझ्याकडं आलीस — न्हाई?

काय बी न्हाई? तुझ्या आईला बी न्हाई?

मग तू कशाला आलतीस — नुस्तं इचाराय, टिंबाचं काम कोण करत हुतं म्हणून?

म्हंजे ह्ये समदं मीच सांगितलं.

थांब, उठू नगस. ऐक पोरी, पिंकीला सातवा म्हैना हाय. तिच्या सासूला उगं निमित्त पायजे असतंय. कळलं की लग्नाचं जेवण त्या परातीतलं, तर ती पोरीला हितं आणून सोडंल, परत न्यायाची न्हाई. म्हणून म्हणतो, कुणाला सांगू — बघ. तुझ्या बाला म्हणलो, आता तुला बी त्येच म्हणाय निघालो. जीभ बी कशी झडत न्हाई माझी.

बैठकीला? मी? समद्यांम्होरं हुबं ऱ्हाऊन? न्हाई व्हणार, माया. पाया पडाय सांग, पडतो, पर तितं तोंड उचकटणार न्हाई माझं. भित्रा हाय मी, म्हण खुशाल. तू सांग की, तुला आता समदं ठाऊक हाय. — व्हय, त्ये बी हाय. लेकीचं कोण ऐकणार? बापाला वाचवाय रचून सांगतीया म्हणत्याल.

काय म्हणलीस? तोंडानं न्हाई तर हातानं?

ह्याच परातीवर? आज्जीचं नाव परत, नि त्याखाली ही परात भाऊसोकडनं कुणी नेली, त्ये? माझं नाव? अगं, तीस वर्षांत माझं नाव मी एका भांड्यावर घातलं न्हाई. घरच्या तांब्यावर बी बायकूचं हाय. नि उद्या ही परात बैठकीत ह्या हातातनं त्या हातात जाईल, परवा कुपवाडला कळंल, मग पिंकीचं — तुला काय वाटतं, मला माझी लेक न्हाई?

भाऊसो जेवतोय का गं?

न्हाई? कवापसनं?

दे ती परात हिकडं. आन् सर जरा, सावली पडतीया तुझी. गिऱ्हाईकाला सांग, आज न्हाई म्हणावं, उद्या या. नि तू बी बोलू नगस आता काय. पैल्यांदाच घालतोय, चुकंल.