साक्षीदार बाईची नक्कल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तो कोर्टाचा विनोदी सिनेमा, ज्यातल्या साक्ष देणाऱ्या म्हातारीला बघून लोक पोट धरून हसतात, ती म्हातारी त्यांना मी दिली.

आम्ही मूळचे संगमेश्वरकडचे, वडील अंबरनाथला कारखान्यात लागले म्हणून इथले झालो. मी कोर्टात पट्टेवाला, दाराशी उभं राहून नावं पुकारायची. मोबाइल नुकते लोकांच्या हातात आले होते तेव्हाची गोष्ट, अंबरनाथच्या एका बंद कारखान्यात सिनेमावाल्यांनी कोर्ट उभं केलं आणि कोर्टाची रीत सांगायला मला रविवारी बोलावलं. तिथले नट कसे, तर नाव कुणाचंच ठाऊक नाही, चेहरा सगळ्यांना ठाऊक. एक अण्णा होते, जन्मभर न्यायाधीशच झालेले, मला बोलले, खरं कोर्ट मी आतून बघितलंच नाही रे, तू भाग्यवान. एक बाई साक्षीदार होणार होत्या, त्या बोलल्या, भाऊ, गावच्या बायका पिंजऱ्यात कशा उभ्या राहतात, दाखवा ना करून.

काय सांगू तुम्हाला, मला आयुष्यात कुणी काही करून दाखव बोललं नव्हतं. मी गोमाबाईंची नक्कल केली. बदलापूरकडच्या, विधवा, दिरांनी घरातला हिस्सा नाकारला म्हणून केस. देवळात जावं तशा चपला काढून पिंजऱ्यात चढायच्या, न्यायाधीश साहेबांना विचारायच्या, जेवलात का, आणि वकिलाच्या प्रश्नाचं उत्तर साहेबांना न देता टायपिस्टला द्यायच्या. वकील ओरडला तर बोलल्या, लिवतोय त्यो, मंग त्यालाच सांगाला नको का? मी हे सगळं केलं, आवाजासकट. अण्णा हसून हसून खुर्चीवरून घसरले. त्या दिवशी मी फार खूष होतो, हेही सांगतो.

सिनेमा आला, मग केबलवर आला. तोवर गोमाबाईंची उलटतपासणी अर्धीच झालेली, तारखांवर तारखा. गावातली पोरं त्यांना बघून बोलायला लागली, जेवलात का आजी. दीर मुद्दाम अंगणात टीव्ही लावायचे. तिला वाटलं, सगळं कोर्ट आपल्याला हसत होतं.

तारखेला मी दाराशी येऊन नाव पुकारलं. तीन वेळा पुकारायची रीत आहे, तीनदा पुकारलं. व्हरांड्यात कुणीतरी सिनेमातला तोच डायलॉग मारला, लोक हसले. तिचा मुलगा एकटाच जिना चढून आला, मला बोलला, दादा, आई नाय येत, ती बोलते मी तमाशा नाय. पुढच्या दोन तारखांनाही आली नाही. उलटतपासणी अर्धी म्हणून साक्ष धरली नाही, दावा गेला.

आता ती बेलवलीत मुलाच्या भाड्याच्या खोलीत असते, खूप थकलीय. मी दोनदा त्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो. देव तिला अजून थोडं आयुष्य देवो, माझ्या स्वार्थासाठी बोलतो मी हे. कोर्ट तिला हसलं नव्हतं, मी एकट्याने तिला हशासाठी वापरलं, हे तिच्यासमोर बसून तिला सांगणं, एवढं मी तिचं देणं लागतो.